गोळ्यांच्या पाकिटांची पालखी

माझ्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नात मी सकाळपासून जेवणं उठेपर्यंत मरायला टेकलेलो होतो. तब्येत तशी ठणठणीत होती. आदल्या दिवशी तांदळाची पोती मी स्वतः खांद्यावरून कार्यालयात नेऊन टाकली होती. पण लग्नाच्या दिवशी मला एका खुर्चीत बसवण्यात आलं, तोंडासमोर पंखा लावण्यात आला, हातात शहाळं देण्यात आलं आणि गडहिंग्लजहून दोन बसगाड्या भरून आलेली वऱ्हाडी मंडळी ओळीनं येऊन मला भेटून गेली. भेटून म्हणजे शेवटचं भेटतात तसं! आणि हे सगळं घडलं मी केलेल्या एका पालखीमुळं.

आधी माझ्या बायकोबद्दल सांगतो, कारण पालखी तिचीच. शोभानं उभ्या आयुष्यात कुठली वस्तू टाकून दिली नाही. आइस्क्रीमच्या काड्या, फुटक्या बांगड्या, जुन्या लग्नपत्रिका, नव्या शर्टाच्या आतला पुठ्ठा, सगळं धुऊन पुसून स्वयंपाकघराच्या माळ्यावर जायचं. 'टाकाऊतून टिकाऊ' हा तिचा धर्मच. बांगड्यांच्या काचांचं तोरण, पत्रिकांचे मोर, नारळाच्या करवंटीचं कासव. एकदा तिनं माझ्या जुन्या पायमोज्यांचा ससा केला आणि टीव्हीशेजारी ठेवला. आलेले पाहुणे कौतुकानं त्याचे गाल ओढायचे. मी काही बोलायचो नाही, पण ते पायमोजे मी अख्खा पावसाळा बुटात घातलेले होते. (एका पाहुण्यांनी तर सशाचा मुका घेतला. मी चहाचं बघायला आत निघून गेलो.)

मी उद्यमनगरातल्या एका शॉपमध्ये, म्हणजे लोखंडाचे भाग करणाऱ्या छोट्या कारखान्यात, लेथवर काम करतो. आमच्या धंद्यात भंगार म्हणजे भंगार, ते वजनावर जातं. त्यामुळं मी तिची भरपूर चेष्टा करायचो. माळा कोसळून एखाद्या दिवशी आपण आइस्क्रीमच्या काड्यांखाली सापडू, असं म्हणायचो. तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "स्नेहलच्या रुखवताला हुईल." स्नेहल तेव्हा शाळेत दोन वेण्या घालून जायची. पण शोभाच्या डोक्यात तिचं रुखवत पक्कं मांडून झालेलं होतं. बाजारातून आणलेलं एक पण नग ठेवायचा नाही, सगळं घरच्या हातचं. गल्लीतल्या दुसऱ्यांच्या लग्नात जाऊन ती जेवणाआधी रुखवत बघून यायची आणि घरी आल्यावर त्यातल्या चुका मला सांगायची. मी ऐकल्यासारखं करायचो.

मग तिला ते दुखणं झालं. नाव मी इथं लिहीत नाही, आमच्या घरात आम्ही ते कधी उच्चारलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांची पाकिटं दोन्ही बाजूंनी चांदीसारखी चकचकीत असायची. पहिलं पाकीट संपलं तेव्हा ते मी कचऱ्यात टाकायला उचललं, तर शोभानं माझा हात धरला. ते पदरानं पुसलं, उजेडाकडं धरून बघितलं आणि म्हणाली, "चांदीच हाय की ही. ह्याची पालखी हुईल बघा स्नेहलच्या रुखवताला. शुक्रवारी देवीची निघती तशी." मला तेव्हा हसावं का रडावं कळेना. मी हसलो. मग ती पण हसली, आणि त्या दिवसापासून एका कापडी पिशवीत पाकिटं साठायला लागली. पुढं पुढं तिला जेवण जायचं नाही, बसवत नसायचं, पण रिकामं पाकीट पुसून पिशवीत ठेवायचं काम तिनं कुणाला करू दिलं नाही. पिशवी भरत चालली की मी नजर दुसरीकडं वळवायचो. ती मात्र पिशवी हातात तोलून बघायची आणि म्हणायची, अजून छत व्हायचं हाय, एवढ्यात भागणार न्हाय. मला ती पिशवी कधी भरूच नये असं वाटायचं, आणि भरत राहावी असंही वाटायचं.

छतापुरती पाकिटं झाली आणि शोभा गेली. पिशवी मी माळ्यावर ठेवून दिली आणि वर बघायचं सोडलं.

तीन वर्षांनी स्नेहलचं गडहिंग्लजला जमलं. चांगली माणसं, मुलगा नोकरीला, घरी दूधदुभतं. शोभाला काय झालं होतं ते आम्ही बघण्याच्या कार्यक्रमातच सांगून टाकलं होतं, लपवलं काही नाही. लग्नाची सगळी सूत्रं माझ्या थोरल्या बहिणीनं हातात घेतली. ही आक्का बिद्रीला असते, आणि तिथल्या साखर कारखान्याच्या भोंग्यावर आवाज चढवून बोलायची तिला जन्माची सवय लागलेली आहे. तिनं यादी करताना रुखवताचं नाव काढलं आणि लगेच स्वतःच म्हणाली की आता ते तयारच आणू, मिळतं बाजारात, करणारं कोण हाय घरात? तिनं काही वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण समोर स्नेहल बसली होती, आणि तिनं मान खाली घातली. मी एकदम बोलून गेलो, "रुखवत मी करणार." आक्का इतकी हसली की शेजारच्या शमीमभाभी काय झालं म्हणून बघायला आल्या.

लाडू, चकल्या, करंज्यांचं आक्कानं बघितलं. शोभानं करून ठेवलेले मोर, कासव, तोरण खाली निघाले. (ससा मी मागं ठेवला. पाहुण्यांचा विचार करून!) राहिली पालखी. ती मी शॉपमध्ये सुट्टी झाल्यावर करायला घेतली, आणि ती कशाची आहे हे कुणालाही सांगितलं नाही. गेलेल्या माणसाची औषधं मंगल कार्यात ठेवायची म्हटल्यावर आक्कानं मला उभा जाळला असता. स्नेहलला मी सांगितलं की बाजारात चांदीसारखी शीट मिळते, ती आणलीय. पालखी थोडी आकाराला आल्यावर तिला एकदा दाखवली. तिनं छतावरून बोट फिरवलं, "छान झालीय, पप्पा" म्हणाली आणि चहा टाकायला गेली. मला वाटलं, फसली.

आता, रुखवतातली पालखी म्हणजे खरं तर पुठ्ठ्याची असते. पण मी पडलो लेथवरचा माणूस. मला पुठ्ठ्याचं काही समजत नाही. मी लोखंडी पट्टीचा सांगाडा केला, कोपऱ्यांना वेल्डिंग मारलं, दांड्याला टाकाऊ पाईप घेतला आणि तो मशीनवर घासून आरशासारखा केला. दांड्याला आत बेअरिंगपण बसवलं. पालखीच्या दांड्याला बेअरिंग कशाला, असं शॉपमधल्या सगळ्यांनी विचारलं. मला सांगता येईना, पण हाताशी चांगलं बेअरिंग पडलेलं होतं आणि सोडवेना. (तेव्हा मला शोभा थोडी कळली.) शमीमभाभींनी शिलाईतून उरलेले जरीचे काठ दिले, त्याची झालर लावली. आणि सगळ्यावर पाकिटं. एकेक पाकीट कापायचं, सपाट करायचं, नावाची बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर ठेवून चिकटवायचं. काही पाकिटांवर अजून तिच्या हळदीच्या बोटांचे पिवळे डाग होते. ते मी पुसले नाहीत. तयार झालेली पालखी अशी देखणी दिसत होती की मी बराच वेळ तिच्यासमोर स्टुलावर बसून राहिलो. मग उचलायला गेलो तर उचलेना. शेवटी शॉपमधला एकजण आणि मी, अशा दोघांनी मिळून ती रिक्षेत घातली.

त्या पिशवीत तळाला एक पाकीट होतं, ते रिकामं नव्हतं. त्यात दोन गोळ्या शिल्लक होत्या. ते शेवटचं. त्याचं काय करावं मला समजेना. गोळ्या काढून टाकाव्यात असं वाटलं, पण अंगठा काही दाबला जाईना, आणि टाकून द्यायला तर मन तयारच होईना. शेवटी मी ते पालखीच्या बुडाला, खालच्या बाजूनं तसंच्या तसं चिकटवलं. गोळ्यांनी फुगलेली बाजू पालखीत दडवली, त्यामुळं नावाची बाजू बाहेर राहिली. पण बूड कोण बघणार आहे?

रुखवत उलटं करून बघतात, हे मला माहीत नव्हतं. ह्या गोष्टी बायका बायकांना सांगत असणार. मुलाकडच्या बायका रुखवत बघायला येतात त्या नुसत्या बघत नाहीत. वस्तू उचलतात, उलटी करतात आणि खाली दुकानाची चिठ्ठी आहे का ते तपासतात. विकतचं असलं की तोंड वाकडं, हातचं असलं की मान डोलते. शोभानं हे मला निदान दहादा सांगितलं असणार. मी ऐकल्यासारखं केलं होतं, हे वर आलंच आहे.

लग्नाच्या दिवशी एक गोष्ट मी आणि स्नेहलनं ठरवून टाकली होती. आज आईचं नाव काढायचं नाही. एकानं काढलं की दुसऱ्याचं संपलं, मग काजळ, मेकप, फोटो सगळ्याची वाट. आक्काचा तर हुकूमच होता की मंगल कार्यात गेलेल्या माणसाचा विषय नको. कन्यादानाला जोडी लागते म्हणून आक्का आणि दाजी बसणार होते. मला तसं काही काम नव्हतं. मी रुखवताच्या टेबलाच्या आसपास घुटमळत होतो, कुणी पालखीला काय म्हणतंय ते ऐकत.

विहीणबाई जावांना घेऊन आल्या. बाई धिप्पाड, बोलणं रोखठोक, पायात जाड चांदीची जोडवी. लाडवाचं ताट उचललं, मोर उलटा केला, कासवाच्या पोटाखाली बघितलं. चिठ्ठी कुठंच नाही. माना डोलल्या. मग पालखीपाशी आल्या आणि सगळ्याजणी थांबल्या. कुणीतरी म्हणालं, ही काय हातची नव्हं, ही चांदीच्या दुकानातली. विहीणबाईंनी उलटी करायला दोन्ही हात घातले, तर पालखी हलेना. त्यांनी आपल्या भावाला हाक मारली. हे मुलाचे मामा, नेसरीला यांचं औषधाचं दुकान. मामांनी बाह्या सरसावल्या, पालखी आडवी केली आणि बुडाकडं बघितलं. दिवसभर औषधांची नावं वाचणारा माणूस, समोर नाव दिसल्यावर वाचल्याशिवाय कसा राहील? त्यांनी चष्मा वर सरकवला, वाचलं आणि पालखी हळूच होती तशी ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता.

मामा बहिणीच्या कानाशी लागले. विहीणबाईंनी स्नेहलच्या खोलीकडं बघितलं. तेवढ्या नजरेत मला सगळं कळलं. आईला होतं, आता पोरगीला पण हाय, आणि आपल्याला न सांगता लग्न लावायला निघालेत, एवढा विचार त्या नजरेत होता. मी पुढं व्हायच्या आत आक्का तिथं पोचली. मामांनी तिला बाजूला घेऊन विचारलं की ह्या गोळ्या ह्या घरात कोण घेतंय. त्यांनी पालखी जरा कलती करून दाखवली, आक्कानं पाकीट बघितलं आणि ओळखलं. तिचंही डोकं क्षणभर बंद पडलं असणार. पोरीच्या म्हणायचं तर लग्न मोडतंय, गेलेल्या बाईच्या म्हणायचं तर भर मांडवात अपशकुन. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि तिला मी दिसलो.

"भावाच्या हायत माझ्या," आक्का म्हणाली. तिच्या आवाजात, म्हणजे सगळ्या कार्यालयाला.

मग तिनं मला खांबाआड ओढलं. मी म्हटलं, आक्के, हे काय करून बसलीस. तिनं माझं मनगट असं धरलं होतं की अजून थोडा वेळ धरलं असतं तर मी खरंच आजारी पडलो असतो.

"गप बस. अक्षता पडूस्तवर आजारी ऱ्हा, मग हो बरा. पोरगीच्या जिवावरचं तुझ्यावर घेतलंय."

पोरीसाठी एवढं तर करावंच लागतं. मी खुर्चीत बसलो. आणि मला सांगायला पाहिजे की आपली माणसं फार प्रेमळ आहेत, पण आजारी माणसावर ती प्रेम करायला लागली की त्याचं काही खरं नसतं. पंखा आला, शहाळं आलं, अंगावर शाल आली. (एप्रिल महिना होता!) मुलाच्या चुलत्यांनी माझा हात हातात घेतला आणि धीर धरा म्हणाले. एकांनी सीमेपलीकडच्या, कानडी मुलखातल्या एका वैद्याचा पत्ता दिला, तो नुसत्या पाल्यावर बरं करतो म्हणे. एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानडी-मराठीत सांगितलं की नातवंडाचं तोंड बघितल्याबिगार जाऊ नको, बाळा. बँडवाल्यांना माझ्याजवळ हळू वाजवायची ताकीद मिळाली. फोटोग्राफर पोरगा तर माझे एकट्याचेच फोटो काढायला लागला, छातीपर्यंतचे, मागं पांढरा पडदा धरून. कशाला, विचारलं तर म्हणाला, असू देत काका, लागत्यात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वाढप्यांनी माझ्यासाठी वेगळं ताट आणलं, मऊ दहीभात. पलीकडं अक्षतांआधीच बसलेल्या पंगतीत माझ्याच पैशाची जिलेबी लोक मागून मागून खात होते.

सुरुवातीला मला मनातून हसू येत होतं. मग कधीतरी ते थांबलं. माझ्याजवळ येताना प्रत्येकजण आवाज खाली करत होता. माझ्या डोक्यावरून एकमेकांकडं बघत होता. मला काही विचारायचं असलं तर शेजारच्याला विचारत होता, "जेवले का ते?" आणि मला आठवलं की शोभा अशीच बसायची. कोपऱ्यातल्या खुर्चीत, अंगावर शाल, समोर पंखा. आम्ही सगळे तिच्याशी असंच बोलायचो, मी सुद्धा. आणि ती ऐकून घ्यायची, हसायची, लोक निघून गेले की पदरानं पाकीट पुसायची. मला तासभर सहन होईना. हिनं दोन वर्षं कसं सोसलं असेल? त्या खुर्चीत बसून मला शोभाची इतकी आठवण आली की ती गेली त्या दिवशीही आली नव्हती. शहाळ्याची नळी तोंडात तशीच धरून मी खाली बघत राहिलो, आणि लोकांना वाटलं की त्रास वाढलाय.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मी डोक्यावरच्या अक्षता झटकून उठलो, म्हटलं आता बरं व्हायला हरकत नाही. तेवढ्यात मामांनी मला पालखीच्या टेबलाकडं ओढून नेलं. ते चांगले चिडले होते. औषधाच्या दुकानात बसून त्यांनी उभी हयात लोकांना हेच सांगण्यात घालवलेली होती. पालखी पुन्हा आडवी केली आणि बुडाशी चिकटवलेल्या पाकिटाला खालून चाचपून दाखवलं.

"ह्यात दोन गोळ्या तशाच हायत. मधनंच सोडल्यासा व्हय? एवढी महागाची गोळी, आणि तुमी रुखवताला चिकटवून मोकळं झालासा? पावणं, कोर्स पुरा करायचा असतोय."

 अक्षता पडल्या होत्या, आक्काला दिलेला शब्द संपला होता. स्नेहलला दिलेला अजून शिल्लक होता, पण तो मला त्या वेळी धरता आला नाही.

"पुरा करायला माणूस ऱ्हायलं न्हाय, मामा," मी म्हटलं. "माझ्या बायकोच्या हायत त्या."

मग मी सगळं सांगितलं. ती पाकिटं कशी पुसायची, पिशवी कशी तोलून बघायची, छतासाठी कशी थांबली होती. मामा पालखी आडवी धरून तसेच उभे राहिले. त्यांना ती खाली ठेवायचं सुचेना. माझ्या मागं कोण उभं आहे याकडं माझं लक्ष नव्हतं. विहीणबाईंनी सगळं ऐकलं होतं. आता ह्या बोलणार, अपशकुन म्हणणार, पालखी हॉलबाहेर काढायला लावणार, अशी मी मनाची तयारी केली. पण त्या भावावर डाफरल्या.

"सरळ धर की ती. माझी विहीण हाय त्यात, आडवी काय केलाईस तिला!"

मामांनी चटकन पालखी सरळ ठेवली. विहीणबाईंनी जावेकडून हळदकुंकवाची कुयरी मागून घेतली आणि पालखीला हळदकुंकू लावलं. मग ओटीचं सामान मागवलं, खण, नारळ, तांदूळ, आणि पालखीत ठेवलं. म्हणाल्या, सकाळपासून चुकल्यासारखं वाटत हुतं, विहिणीची ओटी ऱ्हायली हुती, ती आता भरली. आक्का तिथं धावत आली होती मला गप्प करायला. ती तशीच तोंडाला पदर लावून उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज ऐकू आला नाही.

स्नेहलला कुणीतरी बोलावून आणलं. कपाळाला मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा, पालखीत खण-नारळ बघून ती थांबली. मी घाईघाईनं सांगायला लागलो की बाळ, ती बाजारातली शीट नव्हती, मी तुला खोटं सांगितलं. तिनं मला पुरतं बोलू दिलं नाही.

"मला पहिल्याच दिवशी कळलंतं, पप्पा. तुमी कामावर असायचा तवा आईच्या बोटांत जोर नसायचा. सगळ्या गोळ्या माझ्याच अंगठ्यानं काढलेल्या हायत."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी एवढं लपवून करत हुतासा. म्हटलं, करू दे."

आईचं नाव काढायचं नाही हे ठरवलेलं तिथं संपलं. मी माझ्या पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून भर कार्यालयात मोठ्यानं रडलो. असा बाप पाठवणीला रडला तर चालतं, पण मी जेवणाच्या पंगतीत रडत होतो. मागं बसलेल्यांना आमचं बोलणं काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी एवढंच बघितलं की आजारी माणूस पोरीच्या अंगावर कोसळला. दोघं-तिघं धावत आले, मला उचलून पुन्हा त्याच खुर्चीत बसवलं, आणि शहाळं परत आलं. ते मी निमूट प्यालो. तोवर जिलेबी संपली होती.

पाठवणीला पालखी टेम्पोत कपाटाच्या आधी चढली, विहीणबाईंनी स्वतः उभं राहून चढवून घेतली. घरी आलो तर माळा रिकामा होता. तोरण नाही, मोर नाही, पिशवी नाही. इतकी वर्षं ज्या माळ्याची मी चेष्टा केली, तो रिकामा बघून मला घरात बसवेना, आणि मी सुट्टी असून शॉपमध्ये जाऊन लेथ पुसत बसलो.

पाचपरतावणाला स्नेहल आली ती हातात एक मोठी कापडाच्या दुकानातली पिशवी घेऊन. मी विचारलं, काय आणलंस. म्हणाली, सासूबाईंनी दिलंय, पावण्यांचा वेळ जात नसंल म्हणून. पिशवी चटईवर ओतली तर रिकाम्या गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग! सोनेरी, चंदेरी, हिरवी, लाल. सगळ्या गल्लीनं दिली होती, आणि मामांनी नेसरीच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं की रिकामं पाकीट परत आणून द्यायचं. रक्तदाब, साखर, गुडघेदुखी, सगळं धुऊन पुसून.  मी खाली बसलो आणि एकेक पाकीट रंगाप्रमाणं वेगळं लावायला लागलो. काय करणार ह्याचं, असं स्नेहलनं विचारलं, तर माझ्या तोंडून सरळ निघून गेलं की ठेवतो, रुखवताला हुईल.

"कुणाच्या?" ती म्हणाली.

मी घरभर नजर फिरवली. लग्नाचं म्हणावं असं त्या घरात आता मीच तेवढा उरलो होतो. नवरी मिळायची नाही, आणि मिळाली तरी शोभा माझी काय गत करील ते सांगायला नको, पण रुखवत मात्र मी झकास करून ठेवणार आहे.